उधन्याचे सारंग आप्पा

लग्न होऊन सुरतेला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एक उंच, काळेसावळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आमच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, घरमालक भाडं मागायला आला. मी डोक्यावरून पदर घेतला.

"सूनबाई, आग लागली तर कुठून बाहेर पडशील?"

अंगाची हळद उतरली नव्हती अजून. नव्या नवरीला कुणी असं विचारतं का? पण माणूस वयाने मोठा, आवाज भारदस्त. मी म्हटलं, "दारातून."

"बराबर. अन् आग दारातच असली तर?"

खोलीला दार एकच होतं. स्टोव्ह दाराला लागून मांडलेला, कारण उजेड तेवढा तिथेच यायचा. मी स्टोव्हकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"स्टोव्ह मागच्या भिंतीला. रॉकेलचा डबा बाहेर ओट्यावर. काय सांगितलं?"

"स्टोव्ह मागच्या भिंतीला."

"अन्?"

"अन् डबा बाहेर."

"शाबास," असं म्हणून ते वळले आणि गेले. ना नाव सांगितलं, ना गाव विचारलं. संध्याकाळी आमचे हे लूमवरून, म्हणजे कापडाच्या मागावरून, आले, दारात चपला काढता काढता त्यांची नजर मागच्या भिंतीकडे गेली आणि ते हसायलाच लागले. "सारंग आप्पा येऊन गेले वाटतं!"

नाव सुकलाल. पण सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या चाळीत त्यांना त्या नावाने फक्त पोस्टमन हाक मारायचा. जहाजाच्या डेकवर जे खलाशी असतात त्यांचा मुकादम म्हणजे सारंग, आणि आप्पा त्या जागेवरून रिटायर होऊन आले होते. गाव दोंडाईच्याकडचं. तिथे मिरची भरपूर, समुद्र नाही. तरुणपणी मिलमध्ये काम शोधायला म्हणून सुरतेला आले, ते मिल सोडून मगदल्ल्याच्या धक्क्यावर दोर ओढायला लागले, आणि दोर ओढता ओढता जगभर फिरून परत उधन्याला. मी बीडकडची. समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग. मला वाटायचं, एवढं जग पाहिलेला माणूस म्हणजे गोष्टींची खाण असणार. एकदा मोठ्या हौसेने विचारलं, "आप्पा, जपान कसं आहे हो?"

त्यांनी विचार केला. "धक्का चांगला आहे. दोर बांधायचे खुंटे मजबूत."

झालं जपान.

आप्पांना नवीन कल्पनांचं वावडं होतं. कुणी काही वेगळं सुचवलं की त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. "डोकं वापरू नको, पद्धत वापर," हे त्यांचं पेटंट वाक्य. बादली ठेवायची जागा ठरलेली, छत्री टांगायचा खिळा ठरलेला, दोरीला मारायची गाठ ठरलेली. चाळीतल्या बायका कपडे वाळत घालायच्या दोरीला साध्या गाठी मारायच्या, त्या आप्पांनी सगळ्या सोडून पुन्हा बांधल्या. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर वाऱ्याने माझा एकही परकर शेजारच्या गुजराती शेठच्या अंगणात गेला नाही.

त्यांची सगळ्यात गमतीची सवय म्हणजे सांगितलेलं परत बोलून दाखवायची. जहाजावर हुकूम मिळाला की तो मोठ्याने तसाच परत म्हणायचा असतो, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. ही सवय त्यांनी घरीही चालू ठेवली होती. त्यांची बायको वच्छाकाकू, बुटक्या, गोऱ्या, तोंडाने फटकळ. घरात दोघांचं बोलणं अहिराणीत.

"कोथमीर लई या."

"कोथमीर लई येस."

"पाव किलो मिरच्या."

"पाव किलो मिरच्या लई येस."

"आनि माले एक लुगडं."

"आनि तुले एक लुगडं लई येस," असं तोंडातून निघून जायचं, मग आप्पा ओट्यावरच थबकायचे. पण एकदा परत म्हटलेला हुकूम मोडायचा नाही, हाही नियमच. काकू आत तोंडाला पदर लावून हसत असायच्या. दिवाळीला, अक्षय्य तृतीयेला, कधी कधी तर काहीच नसताना काकूंनी असं लुगडं वसूल केलेलं आहे.

आणि त्यांची ती कवायत! महिन्यातून एका रविवारी आप्पा ताटली घेऊन बाहेर यायचे आणि पळीने वाजवायचे. सात छोटे ठोके आणि एक लांबलचक. हा जहाजावरचा धोक्याचा इशारा. तो ऐकला की चाळीतल्या प्रत्येकाने हातातलं टाकून बोअरिंगच्या पंपापाशी जाऊन आपापल्या ठरलेल्या जागी उभं राहायचं. सुरुवातीला सगळे चिडायचे. कुणी अर्धी दाढी केलेला यायचा, कुणी भाजीची पाटी घेऊन यायची आणि रांगेतच मेथी निवडायची. पण मग त्याची गंमत वाटायला लागली. लूमच्या खटखटाटात आठवडा काढलेल्या माणसांना रविवारी सकाळी एकमेकांची तोंडं बघायला मिळायची. माझी जागा दुर्गाबाईंच्या शेजारी. दुर्गाबाई अकोल्याकडच्या, एकट्या राहायच्या, घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करायच्या. बोलायच्या इतकं कमी की शेजारी कुणी उभं आहे हेही विसरायला व्हायचं.

आता आप्पांच्या चहाबद्दल सांगते.

जहाजावर पगार चांगला, खाणं-राहणं फुकट, ही बातमी उधन्याच्या चाळींतून फिरलेली. त्यामुळे लूमच्या कामाला कंटाळलेली तरुण मंडळी आप्पांकडे यायची. "आप्पा, बोटीवर चढवा." आप्पा कुणाचे मार्क विचारायचे नाहीत. खाटेवर बसून सांगायचे, "चहा कर. पाणी दोन कप. उकळी आली की साखर, मग पत्ती, मग दूध. झाकण ठेव. गाळून दे. काय सांगितलं?" तो परत म्हणून दाखवायचा आणि काकूंच्या गॅसपाशी जायचा.

राजू नावाचा एक चुणचुणीत मुलगा होता. गणपतीच्या नाटकात तोच नायक, तोच दिग्दर्शक. त्याने चहात आलं किसून टाकलं, वर दोन वेलदोडे. साऱ्या ओट्यावर घमघमाट. आप्पांनी कप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, मिशा पुसल्या.

"असा चहा मी कुठल्या बंदरात प्यायलो नाही."

राजू फुलला.

"जा, हॉटेल काढ. जहाजावर तुझं काम नाही."

"अहो पण चांगला झाला ना?"

"चांगला झाला म्हणूनच. उद्या इंजिनात आलं टाकशील."

राजू महिनाभर आप्पांना बघून रस्ता बदलायचा. पुढे तो कापडाचा दलाल झाला आणि तिथे त्याचं आलं भरपूर खपलं.

मग आला हिरामण. हा लूमवर टिकत नव्हता. धागा तुटला तर बाकीचे कारागीर काहीतरी जुगाड करून कापड पुढे रेटायचे. हा मशीन बंद करून दुरुस्तीवाल्या जॉबरला हाक मारायचा. तीन कारखान्यांतून काढलेला. त्याचा मोठा भाऊ त्याला हाताला धरून घेऊन आला आणि आप्पांच्या कानात म्हणाला, "जरा मठ्ठ आहे, पण मनाचा साफ आहे."

हिरामण चहाला आत गेला तो येईचना. शेवटी दारात येऊन उभा राहिला.

"आप्पा, दूध नाहीये. पाणी, साखर, पत्ती झालं. पुढचं करता येत नाही. गॅस बारीक केलाय. काय करू?"

आप्पा खाटेवरून उठले. मी त्यांना तसं उठताना कधी पाहिलं नव्हतं. "थांबलास?"

"हो."

"अन् विचारायला आलास?"

हिरामण घाबरला. "चुकलं का?"

आप्पांनी त्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला. "अरे, हा माणूस! दूध नाही तर थांबला, अन् येऊन सांगितलं! लेका, समुद्र तुझीच वाट बघून राहिलाय!"

आप्पांनी त्याला ट्रेनिंगला पाठवलं, कागदपत्रांसाठी त्याच्याबरोबर मुंबईला दोन खेपा केल्या, आणि तीन कारखान्यांतून काढलेला हिरामण बोटीवर चढला. तिथे त्याला कुणी मठ्ठ म्हणालं नाही. तिथे सगळेच थांबायचे आणि विचारायचे. पहिल्या पत्रात त्याने भावाला लिहिलं होतं: "इथे सगळं आधीच ठरलेलं असतं. फार बरं वाटतं." भाऊ ते वाक्य वाचून दाखवत चाळभर फिरला.

खरा पेच आला तो आप्पांच्या स्वतःच्या मुलावर. संजय विशीचा, देखणा, हाताने कलाकार. गणपतीची आरास तोच करायचा. धाग्याच्या रिकाम्या बॉबिनी लावून एका वर्षी त्याने असा मोर उभा केला की लोक दुसऱ्या गल्लीतून बघायला आले. पण त्याला जायचं होतं बोटीवरच. लहानपणापासून बापाची पेटी आणि त्यावरची परदेशी लेबलं बघत वाढलेला. काकूंनाही तेच हवं होतं. शेवटी आप्पांनी त्यालाही चहा करायला सांगितला. मी नेमकी त्यांचा डबा परत द्यायला गेले होते, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर घडलं.

संजय तयारीनेच आला होता. आलं नाही, वेलदोडा नाही. सांगितलं तसं, सांगितलं त्या क्रमाने. काकू दारात उभ्या राहून जणू पोराचा बोर्डाचा पेपर बघत होत्या. कप आला. आप्पांनी एक घोट घेतला, मग उठून आत गेले आणि गाळणी घेऊन बाहेर आले.

"गाळणी फाटलेली आहे."

"हो," संजय म्हणाला. "म्हणून फडक्याने गाळला. धुतलेलं होतं."

"विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? एवढीशी गोष्ट."

आप्पांनी कप खाली ठेवला. "नापास."

मग काकूंनी जो पट्टा सोडला! "लोकेसना आंडोर बोटवर चढाडतस, आनि आपला आंडोर नापास? एक फडकासाठी?" आंडोर म्हणजे मुलगा, एवढं अहिराणी मला तोवर कळायला लागलं होतं. डबा तिथेच ठेवून मी निघणार होते, पण दारात काकू उभ्या. संजय पांढराफटक पडला होता.

आप्पा ती फाटकी गाळणी हातात धरून उभे होते. बोलले ते मराठीत. कदाचित मी तिथे होते म्हणून.

"माझ्यासोबत बोटीवर चढलेला एक होता, रत्नागिरीकडचा. आमच्या सगळ्यांत हुशार. बंद टाकीत उतरायचं असलं तर आधी आतली हवा तपासतात, तोंडाशी एक माणूस उभा करतात, कमरेला दोर बांधतात. मग उतरतात. एक दिवस त्याची बॅटरी टाकीत पडली. एवढीशी गोष्ट. कुणाला कशाला विचारायचं? पटकन उतरून घेऊन येतो म्हणाला. आत हवाच नव्हती. वरून तो दिसत होता मला. झोपल्यासारखा. मी पण उतरणारच होतो त्याला काढायला. मागून एकाने माझी कॉलर धरली म्हणून आज इथे उभा आहे. मठ्ठ असता तर विचारत बसला असता, अन् आज नातवंडं खेळवत असता."

 काकू हळू आवाजात म्हणाल्या, "मंग पोऱ्यानी करनं काय?"

"किनाऱ्यावर राहावं. इथे हुशार माणूस मरत नाही."

पण संजयला ते पटलं नाही. बापाने आपल्याला सगळ्या उधन्यात नापास केलं, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. सुरतेजवळच्या सचिन गावी एका प्रिंटिंग मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढायला तो लागला खरा, पण बापाशी बोलणं बंद. आप्पा काही विचारायचे, संजय आईकडे बघून उत्तर द्यायचा. एका खोलीत तीन माणसं आणि निरोप्याचं काम काकूंना. "तुना बाप सांगस, छत्री लई जा." "त्याला सांग, पाऊस नाहीये." आमच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

त्यानंतरच्या वर्षी गणपती उठले आणि सुरतेत प्लेगची बातमी आली. ज्यांनी तो आठवडा पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी नळावर कुजबुज होती, दुपारपर्यंत लोक तोंडाला रुमाल बांधून गाठोडी आवळत होते. कुणी म्हणायचं हवेतून येतो, कुणी म्हणायचं पाण्यातून. ज्याला त्याला स्टेशन गाठायचं होतं. आमचे हे म्हणाले, "उठ, बीडला जाऊ." कसं जायचं, कशाने जायचं, काही माहीत नाही. मी पातेली चादरीत बांधत होते, का ते आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात ताटली वाजली. सात छोटे ठोके आणि एक लांब.

पाय आपोआप निघाले. कुणी चिडलं नाही, कुणी हसलं नाही. गाठोडी काखेत, पोरं कडेवर, रुमालांवरून नुसते डोळे दिसतायत, अशी सगळी चाळ पंपापाशी आपापल्या जागी येऊन उभी राहिली. उभं राहिल्यावर पहिल्यांदा जरा श्वास घेता आला. आप्पांनी एकेका खोलीकडे बोट करून नावं घेतली. मग माझ्या शेजारी बघून थांबले.

"दुर्गाबाई कुठे आहे?"

"गेली असेल," कुणीतरी म्हणालं. "दार तर लोटलेलं आहे."

"गेली असेल की गेली?"

 आप्पांनी रुमाल पंपाखाली भिजवला, तोंडाला बांधला आणि जाऊन दार ढकललं. दुर्गाबाई साड्यांच्या ढिगाऱ्यावर तापाने फणफणून पडल्या होत्या. ते बाहेर येऊन म्हणाले, "ताप आहे," आणि रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली. मीसुद्धा.

"हिला दवाखान्यात न्यायची. रिक्षा बघा."

रिक्षा कुठली मिळायला! रस्त्यावर जो तो पळत होता. आप्पा दारात उभे राहिले. त्यांच्या कुठल्याच ठरलेल्या पद्धतीत हे नव्हतं. मी त्यांना पहिल्यांदाच असं बघत होते, हात खाली सोडलेले, पुढे काय ते माहीत नसलेले.

संजय रांगेतून निघाला. गणपतीच्या मांडवाचे सोडलेले वासे भिंतीला टेकून होते. त्यातले दोन त्याने ओढले, दुर्गाबाईंच्या दारातून दोन साड्या घेतल्या आणि वाशांना आडव्यातिडव्या गुंडाळत झोळी केली. आणि मग, का कुणास ठाऊक, बापासमोर जाऊन उभा राहिला. कितीतरी महिन्यांनी तो थेट त्यांच्याशी बोलत होता.

"आप्पा, हे चालेल?"

आप्पांनी वाकून साडीच्या गाठी बघितल्या. एक सोडली, आपली ती जहाजावरची गाठ मारली. झोळी दाबून बघितली.

"चालेल. पुढून तू धर."

बापलेक दुर्गाबाईंना घेऊन गेले. प्लेग नव्हता, मलेरिया निघाला. आठवड्याने बाई परत आल्या, तोवर आप्पा त्यांना रोज डबा पोचवत होते, आणि अर्धी चाळ खान्देशात, बीडात, अकोल्यात निघून गेलेली. जाणाऱ्यांनी किल्ल्या आप्पांकडे ठेवल्या. आम्ही मात्र गेलो नाही. आमचे हे म्हणाले, "रांगेतून कसं निघायचं?" गेलेले लोक परत आले तेव्हा एकाच्याही घरातली वाटीसुद्धा हललेली नव्हती. दुर्गाबाई पुढे रविवारच्या कवायतीला सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या राहायच्या, आणि हो, बोलायलाही लागल्या होत्या.

संजय आणि आप्पांमधलं बोलणं नंतर चालू झालं, जेवढं बापलेकांमध्ये असतं तेवढं. बोटीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. संजय सचिनच्या मिलमध्येच राहिला आणि चांगलं नाव काढलं.

दहा वर्षं पुरी व्हायच्या आत आम्ही सुरत सोडली. ह्यांना इचलकरंजीला चांगली जागा मिळाली. निघायच्या थोडं आधी मी आप्पांना शेवटचं पाहिलं ते उधना स्टेशनवर. ते आणि काकू पुतण्याच्या लग्नाला दोंडाईच्याला निघाले होते, मी दुर्गाबाईंबरोबर त्यांना पोचवायला गेले होते. काकू नव्या साडीत. आकाशी जॉर्जेट, आणि सगळ्या साडीभर छोटी छोटी जहाजं. प्रत्येक जहाजाला धुराडं, धुराड्यातून धूर, मागच्या टोकाला डौलाने फडकणारा झेंडा.

"संजूनी काढेल शे," काकू म्हणाल्या. "बजारमा लई चालस."

गाडी लागली. काकूंना खिडकीची जागा मिळाली, शेजारी आप्पा. समोरच्या बाकावर एक पोक्त गृहस्थ बसले होते, बहुधा शाळामास्तर. ते बराच वेळ साडी निरखत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काका, एक विचारू? ह्या जहाजांचा धूर मागे चाललाय अन् झेंडा पुढे फडकतोय. वारा नक्की कुठून येतोय मग?"

मी खिडकीबाहेर उभी. मला वाटलं, संपलं! आता आप्पा सगळी साडी उलगडून वाऱ्याचा हिशेब सांगणार. काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या.

आप्पांनी पदर हातात घेतला. एक जहाज डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, मग दुसरं.

"मी आयुष्यभर समुद्रावर होतो," ते मास्तरांना म्हणाले. "असं होतं कधी कधी."

"होतं?"

"होतं. माझ्या पोराने काढलंय."

काकू खिडकीतून माझ्याकडे बघून गालात हसल्या. गाडी हलली. पदर खिडकीबाहेर येऊन वाऱ्यावर उडायला लागला, तेव्हा आप्पांचा हात बाहेर आला आणि त्यांनी तो सांभाळून, चुरगळू न देता, आत ओढून घेतला.